पीएच.डी. कुठे करायची, त्याआधी कोणता प्रश्न घेऊन? : कामाच्या मानसशास्त्राचा इतिहास आणि आपण

'औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र' हे नाव आपल्या वस्त्यांत फारसं कुणी घेत नाही. आपला मुलगा किंवा मुलगी पीएच.डी. करणार म्हटलं की समाजशास्त्र, अर्थशास्त्र, आंबेडकर विचार, इतिहास, मराठी, झालंच तर कायदा, एवढ्याच वाटा समोर येतात. पण नोकरीच्या मुलाखतीत कोणते प्रश्न विचारायचे, कोणत्या चाचणीला किती गुण द्यायचे, बढती कुणाला मिळावी, मुकादमाने कामगारांशी कसं वागावं, गैरहजेरी का वाढते, हे सगळं ज्या शास्त्राच्या आधारावर ठरवल्याचा दावा केला जातो, ते हेच शास्त्र. 'लायक' आणि 'नालायक' यांच्यामधली रेघ ओढणारं शास्त्र. ज्या समाजाला शेकडो वर्षं नालायक ठरवलं गेलं, त्या समाजाची मुलं या शास्त्रात जवळपास दिसत नाहीत. ही गोष्ट आम्हाला फार गंभीर वाटते.

गेल्या काही वर्षांत थोडे तरुण या विषयाकडे वळू लागले आहेत. कुणी मानसशास्त्रात एम.ए. केलं आहे, कुणी एमएसडब्ल्यू, कुणी एमबीए. पीएच.डी. कुठे करावी, असं ते विचारतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: रँकिंग काय आहे? रँकिंग पाहू नका असं आम्ही म्हणणार नाही. पण या शास्त्राचा इतिहास पाहिला, तर रँकिंगच्या आधी विचारायचे चार-पाच प्रश्न आपोआप समोर येतात. म्हणून आधी इतिहास.

नागपूरची गिरणी, मुंबईचं साळखातं

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. जमशेटजी टाटांची ही गिरणी कामगारांसाठीच्या योजनांमुळे पुढे देशभर गाजली. पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड, नियमित हजेरीसाठी बक्षिसं, असे उपाय तिथे फार लवकर आले. 'औद्योगिक मानसशास्त्र' हा शब्दही रूढ झालेला नव्हता, तेव्हा नागपुरात त्याचा मूळ प्रश्न विचारला जात होता: कामगार रोज कामावर यावा आणि टिकून राहावा, यासाठी काय करायचं?

या गिरण्यांत आपली माणसं मोठ्या संख्येने होती. नागपूरच्या आंबेडकरी चळवळीच्या पाठीशी गिरणी कामगारांचा पगार आणि घाम होता, हे जुन्या वस्त्यांतल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विदर्भातले महार गिरणी येण्याआधीपासून जाडंभरडं कापड विणत होते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही याची नोंद आहे. म्हणजे विणण्याचं कसब हातात होतं.

आता मुंबईकडे पाहू, कारण या कसबाचं काय झालं ते तिथे सर्वांत स्पष्ट दिसतं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला सूतकताईच्या खात्यात काम मिळे. साळखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात, त्याला प्रवेश नव्हता. पगार मात्र साळखात्यात जास्त होता. कारण असं सांगितलं जाई की धोट्यातला धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागतो, आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेल्या धाग्याला इतर कामगार हात लावणार नाहीत. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. साळखातं अस्पृश्यांना खुलं करा, ही मागणी कामगारांच्या मागण्यांत यायला हवी, असा त्यांचा आग्रह होता.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हाच धागा पुढे नेला. रेल्वेतला अस्पृश्य गँगमन आयुष्यभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं आणि त्या घरात त्याचा स्पर्श चालत नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही मांडणी याच भाषणातली. दोन वर्षांपूर्वी, १९३६ मध्ये, त्यांनी सांगितलं होतं की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे.

आता ही तिन्ही उदाहरणं आजच्या पुस्तकी भाषेत मांडून पाहा. साळखातं म्हणजे 'निवडीतला भेदभाव'. गँगमन म्हणजे 'बढतीतला अडथळा'. पोर्टर म्हणजे 'कामाच्या वर्णनात नसलेली पण प्रत्यक्षात लावलेली अट'. औद्योगिक मानसशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातली ही तीन प्रकरणं आहेत. बाबासाहेबांनी ती जातीसकट मांडली. पाठ्यपुस्तकांत ती जातीशिवाय आली.

नागपूरचं आणखी एक पान इथे उघडायलाच हवं. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. या परिषदेची आठवण आपण बहुपत्नीत्व, घटस्फोट, मुलींचं शिक्षण या ठरावांसाठी काढतो. पण गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे इथल्या कामगार स्त्रियांसाठीही तिथे ठराव झाला: वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई, २० वर्षांच्या नोकरीनंतर महिना किमान १५ रुपये पेन्शन. गिरणीतल्या स्त्रियांवर देखरेखीसाठी स्त्रियाच नेमाव्यात, अशीही मागणी तिथे झाली. देखरेख कोण करतं यावर कामाच्या जागेचा सगळा अनुभव अवलंबून असतो, ही गोष्ट संघटनात्मक मानसशास्त्र ग्रंथ भरभरून सांगतं. नागपूरच्या परिषदेत आपल्या बायांनी ती एका ठरावात सांगितली. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. पुढे १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतलं आठवड्याचं काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आलं.

हे शास्त्र जन्मलं कसं

दुसऱ्या बाजूला हे शास्त्र विद्यापीठांत घडत होतं. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले हार्वर्डचे प्राध्यापक ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांचं मानसशास्त्र आणि औद्योगिक कार्यक्षमता या विषयावरचं इंग्रजी पुस्तक १९१३ मध्ये आलं. ट्राम चालवायला कोणता माणूस योग्य, टेलिफोन एक्सचेंजमध्ये कोणती मुलगी टिकेल, हे चाचणी घेऊन सांगता येतं, असा त्यांचा दावा. त्यांच्या हाताखाली हार्वर्डमध्ये शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनी कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा केला. तो भारतातला पहिला. तिथेच १९३८ मध्ये उपयोजित मानसशास्त्राची शाखा निघाली. म्हणजे हे शास्त्र आपल्याकडे उशिरा आलं असं नाही. ते लवकर आलं, पण ठरावीक घरांतल्या मुलांच्या हाती आलं.

अमेरिकेने पहिल्या महायुद्धात सुमारे १७ लाख सैनिकांची बुद्धिचाचणी घेतली. त्या आकड्यांच्या आधारावर प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये पुस्तक लिहून काळे लोक आणि दक्षिण-पूर्व युरोपातून आलेले लोक बुद्धीने कमी ठरवले. १९३० मध्ये त्यांनीच आपले निष्कर्ष मागे घेतले. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. १८९० च्या दशकात इंग्रजांनी 'लढाऊ जाती' नावाच्या सिद्धांतावरून महारांची सैन्यभरती बंद केली. भीमा-कोरेगावला ज्यांच्या पराक्रमाचा स्तंभ त्याच सरकारने उभारला, तेच लोक एका सिद्धांताने 'लढायला अयोग्य' झाले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार ही पलटण उभी केली, गरज संपली तशी ती १९२१ मध्ये मोडली. अखेर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, पहिली बटालियन बेळगावला आणि दुसरी आपल्या कामठीला. योग्यता माणसात नव्हती की मोजणाऱ्याच्या नजरेत, याचा निकाल त्या रेजिमेंटने दिला.

ब्रिगमच्या पुस्तकाला उत्तर कुणी दिलं, हा इथे महत्त्वाचा मुद्दा आहे. १९२४ मध्ये हॉरेस मान बाँड हा विशीतला काळा तरुण डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांच्या 'द क्रायसिस' मासिकात लिहिता झाला. त्याने त्याच सैनिकी चाचणीचे आकडे घेतले आणि दाखवलं की उत्तरेकडच्या काही राज्यांतल्या काळ्या सैनिकांचे गुण दक्षिणेकडच्या काही राज्यांतल्या गोऱ्या सैनिकांपेक्षा जास्त आहेत. मग हा वंशाचा फरक की शाळांचा? त्याने घोषणा दिली नाही, तक्ता दिला. पुढे त्याने शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली.

दुसरं उदाहरण न्यायालयातलं. उत्तर कॅरोलिनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या वीज केंद्रात काळे कामगार फक्त मजूर खात्यात असत. त्या खात्यातला सर्वांत जास्त पगार इतर खात्यांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. आपलं साळखातंच म्हणा. १९६५ मध्ये भेदभावबंदीचा कायदा लागू झाला, त्याच दिवशी कंपनीने नवी अट आणली: नव्या कामगाराला इतर खात्यांत काम हवं तर शाळेचं प्रमाणपत्र हवं आणि दोन तयार चाचण्यांत पास व्हायला हवं. जातीचा, माफ करा, वंशाचा उल्लेख कुठेच नाही. सगळं 'गुणवत्तेवर'. विली ग्रिग्ज आणि त्यांचे सहकारी कामगार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ८ मार्च १९७१ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितलं की जी चाचणी एका समूहाला बाहेर ठेवते, ती त्या कामाशी संबंधित आहे हे मालकाने सिद्ध केलं पाहिजे. या निकालाने अमेरिकेतलं औद्योगिक मानसशास्त्र बदलून गेलं. तुमची चाचणी खरंच कामाची क्षमता मोजते का, हे दाखवणं तिथल्या मानसशास्त्रज्ञांचं रोजचं काम झालं.

भारतात खासगी कंपनीच्या चाचणीला आणि मुलाखतीला असा प्रश्न विचारायला कुणी भाग पाडलेलं नाही.

आपल्या देशात काय मोजलं गेलं

स्वातंत्र्यानंतर अहमदाबादच्या कापड उद्योगाने 'अटिरा' ही संशोधन संस्था उभी केली आणि तिथे कमला चौधरींच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी अहमदाबादच्याच कॅलिको मिलमध्ये प्रयोग केला. स्वयंचलित मागांवर कामगारांचे छोटे गट केले, गटालाच कामाची जबाबदारी दिली. उत्पादन वाढलं, खराब माल कमी झाला. हा प्रयोग जगभर शिकवला जातो. पण अहमदाबादच्या गिरण्यांतही दलित कामगार प्रामुख्याने सूतकताईत होते. विणकामाच्या शेडमध्ये मुळात कोण येऊ शकत होतं, हा प्रश्न या प्रयोगाच्या जगप्रसिद्ध धड्यात ऐकू येत नाही. गटात माणसं कशी वागतात ते शिकवलं जातं, गटाच्या दारात कोण अडतो ते शिकवलं जात नाही.

हा प्रश्न मोजला गेला तो २००७ मध्ये. आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कचे समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा. फरक फक्त नावाचा: एक उच्चवर्णीय हिंदू नाव, एक दलित नाव, एक मुस्लिम नाव. ५४८ जाहिराती, ४,८०८ अर्ज. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत पुढच्या टप्प्यासाठी बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ निघालं. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या एचआर मॅनेजरांच्या मुलाखती घेतल्या. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असं ते म्हणत. आणि पुढच्याच वाक्यात 'कौटुंबिक पार्श्वभूमी' का विचारावी लागते, तेही समजावून सांगत.

या दोन अभ्यासांचे लेखक पाहा: एक अर्थशास्त्रज्ञ, तीन समाजशास्त्रज्ञ. निवड, मुलाखत आणि चाचणी हा ज्या शास्त्राचा हक्काचा प्रांत, त्या शास्त्राचा त्यात एकही माणूस नाही.

वस्तीत काम करताना आम्ही हे रोज ऐकतो. उत्तर नागपूरचा पत्ता सांगितला की मुलाखतीचा सूर बदलतो. 'वडील काय करतात?' हा प्रश्न पदाशी काय संबंध ठेवतो ते कुणी सांगत नाही. मुलगा घरी येऊन म्हणतो, 'माझंच कम्युनिकेशन कमी पडलं.' ही शिकवलेली अपराधी भावना आहे. तिला उत्तर द्यायचं तर भाषण पुरणार नाही. बाँडने दिला तसा तक्ता लागेल.

बाबासाहेबांनी विद्यापीठ कसं निवडलं

आता पीएच.डी.च्या निवडीकडे येऊ. आपल्यासमोर याचा सर्वांत मोठा नमुना घरातच आहे, फक्त आपण त्याकडे पदव्यांची यादी म्हणून पाहतो.

१९१३ मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर संस्थानात नोकरी करण्याचा करार. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, पण इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ सुद्धा घेतले. त्यांची पदवी अर्थशास्त्राची. पण जातीच्या उगमावरचा निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी वाचला तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात. म्हणजे ज्या विभागात पदवी होती तिथे प्रश्नाला जागा कमी पडली, तेव्हा त्यांनी शेजारच्या विभागाचं दार वाजवलं. असं दार जिथे उघडं होतं, असं विद्यापीठ त्यांना मिळालं होतं, आणि त्या दाराचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला.

पुढे लंडनला जायचं ठरलं तेव्हा कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी तिकडच्या प्राध्यापकांना शिफारसपत्र दिलं. १९१७ मध्ये पैसे आणि मुदत संपल्याने शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेनांनी कर्ज दिलं, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी १९२३ मध्ये दुरुस्तीसाठी परत पाठवला. तो त्यांनी भारतातून पुन्हा सादर केला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध छापून झाल्यावर १९२७ मध्ये हाती आली. चौदा वर्षांचा हा हिशेब आहे. 'दोन वर्षांत झाली नाही' म्हणून खचणाऱ्यांनी तो भिंतीवर लावावा.

याच कोलंबियातून पुढे मानसशास्त्राची एक जोडी निघाली. केनेथ क्लार्क यांना १९४० मध्ये आणि मेमी क्लार्क यांना १९४३ मध्ये तिथे डॉक्टरेट मिळाली. मानसशास्त्रात कोलंबियाची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले दोन काळे विद्यार्थी. मेमी क्लार्क यांनी मार्गदर्शक निवडले ते हेन्री गॅरेट, वंशभेदाचे उघड समर्थक. त्यांचे विचार माहीत असून निवडले. पुढे शाळांतल्या वंशभेदाविरुद्धचा व्हर्जिनियाचा खटला उभा राहिला तेव्हा गॅरेट वंशभेदाच्या बाजूने साक्षीला आले, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढायला मेमी क्लार्क साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या. या जोडीच्या बाहुल्यांच्या प्रयोगाचा दाखला १९५४ च्या 'ब्राउन' निकालात घेतला गेला.

मग निवड कशी करायची

या इतिहासातून आम्हाला दिसणाऱ्या गोष्टी अशा.

पहिली, प्रश्न आधी. 'संघटनात्मक बांधिलकी' किंवा 'कामातला ताण' असे शेकडो प्रबंध पडले आहेत. तुमच्या आसपास बुटीबोरी आणि हिंगण्याचे कारखाने आहेत, मिहानच्या कंपन्या आहेत, वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपुरात आहे, अंबाझरीची आयुध निर्माणी आहे, महानगरपालिकेचे सफाई कामगार आहेत. कंत्राटी भरतीत ओळखीचा वाटा किती? आरक्षणातून आलेल्या अधिकाऱ्याच्या कामाचं मूल्यमापन वरिष्ठ कसं करतात? आडनाव लपवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मनावर कोणता भार असतो? यातला एक प्रश्न पक्का करा आणि मग विभाग शोधा.

दुसरी, विभागाचं नाव पाहून थांबू नका. हा विषय भारतात मानसशास्त्र विभागात असतो, आयआयएममध्ये 'संघटनात्मक वर्तन' या नावाने असतो, टाटा समाजविज्ञान संस्थेत व्यवस्थापन आणि श्रम अभ्यासात असतो, मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्रात असतो. नेटच्या परीक्षेत 'श्रम कल्याण, औद्योगिक संबंध व मनुष्यबळ व्यवस्थापन' हा स्वतंत्र विषय आहे, हे एमएसडब्ल्यू केलेल्या अनेकांना ठाऊकच नसतं. शेजारच्या विभागाचं दार वाजवू देतील का, हे आधी विचारा.

तिसरी, मार्गदर्शकाची पारख. त्यांचे मागच्या पाच वर्षांतले लेख वाचा. त्यांचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले ते त्या विद्यार्थ्यांनाच विचारा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी एवढीच मर्यादा आहे, त्यामुळे जागा आहे का तेही पाहा. मार्गदर्शक आपल्या विचाराचा असेल तर उत्तमच. नसेल, तर निदान आकड्यांशी प्रामाणिक हवा आणि तुमचा प्रबंध अडवून ठेवणारा नको. मेमी क्लार्क यांचा मार्ग धाडसाचा होता. तो प्रत्येकाने धरावा असं आम्ही सांगणार नाही. रोहित वेमुलानंतर तर मुळीच नाही.

चौथी, पद्धत शिका. अमेरिकेतल्या पीएच.डी.त पहिली दोन-तीन वर्षं अभ्यासक्रम असतो, संख्याशास्त्र आणि मापनशास्त्र पायापासून शिकवतात, आणि बऱ्याच ठिकाणी फी माफ होऊन मानधनही मिळतं. समाजशास्त्र किंवा समाजकार्यातून येणाऱ्याला ही व्यवस्था सोयीची आहे. इंग्लंडमध्ये प्रस्ताव घेऊनच जायचं असतं आणि तीन-चार वर्षांत प्रबंध द्यायचा असतो. ज्याचा प्रश्न आणि पद्धत तयार आहे त्याने तिकडे पाहावं. परदेशातही जातीचा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जात घातली, आणि सिएटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी आणली. अशा बंदीची अंमलबजावणी करायची तर कामाच्या जागेवरचा जातिभेद मोजता यायला हवा. तो मोजणारे लोक कुठे आहेत?

पाचवी, पैसा. बाबासाहेबांना १९१७ मध्ये परतावं लागलं ते पैशापायी, हे विसरू नका. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. पण केंद्राने २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. याचा अर्थ समजून घ्या. दलित विद्यार्थ्याने सरकारी पैशावर परदेशात जावं, पण जातीवर संशोधन करू नये. अर्ज करताना चालू वर्षाची नियमावली शब्दन् शब्द वाचा, आणि विषयाची मांडणी तिला धरून करा. देशात राहून करायचं तर राष्ट्रीय फेलोशिप आणि बार्टीची फेलोशिप आहे. बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधकांना रस्त्यावर बसावं लागलं, हेही लक्षात असू द्या. फेलोशिप वाचवणं हे संशोधनाइतकंच चळवळीचं काम आहे.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतील, हे शास्त्र मालकांचं आहे, कामगाराकडून जास्त काम काढून घेण्याचं आहे, त्यात आपण का जावं? हा आक्षेप खोटा नाही. एम्प्रेस मिलची बक्षिसं असोत की कॅलिकोचे गट, हिशेब उत्पादनाचाच होता. पण कायदाही राज्यकर्त्यांचाच होता आणि अर्थशास्त्रही. बाबासाहेब दोन्ही शिकले, आणि एकाने साम्राज्याची तिजोरी तपासली, दुसऱ्याने संविधान लिहिलं. आपण बाहेर राहिलो म्हणून हे शास्त्र थांबणार नाही. आज भरतीच्या चाचण्या संगणक घेतो आणि अर्जांची चाळणीही संगणकच करतो. आधीच्या भरतीवरून शिकलेला संगणक आधीचाच भेदभाव शिकतो. पूर्वी साळखात्याच्या दारात माणूस उभा असे, त्याला निदान जाब विचारता येई.

एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल आहे. तिथे दारावर उभा राहणारा गार्ड कंत्राटदाराने कसा निवडला, सफाईचं काम कुणाच्या वाट्याला आलं आणि काउंटरवर कोण बसलं, हा कुणाच्या तरी पीएच.डी.चा विषय आहे. तो विषय आपल्यातल्या कुणी घ्यावा, नीट विद्यापीठ निवडून, नीट मार्गदर्शक पारखून, पुऱ्या पाच वर्षांची तयारी ठेवून. ज्यांनी अर्ज भरायला घेतले आहेत, त्यांनी आपल्या प्रश्नाचं एक पान आधी लिहून काढावं. त्या पानावर कोणत्याही रविवारी, कोणत्याही विहारात बसून चर्चा करायला आम्ही तयार आहोत.

जय भीम!